वीज नसलेल्या कॅम्पवर सोलर पंपाचे पाणी : ऑर्डर देण्याआधी हे वाचा

भंडारदऱ्याच्या आसपास तंबूंच्या कॅम्पवर गर्दी उसळते ती काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. विहिरी तळ गाठतात त्याही तेव्हाच. म्हणून आमची पहिली विनंती : दिवाळीत भरलेली विहीर पाहून पंप ठरवू नका. मे महिन्यात दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा आणि तोच आकडा आम्हाला कळवा.

हिशेब कसा करायचा

समजा चाळीस माणसे आहेत, त्यात स्वयंपाक आणि संडास-बाथरूम धरून दिवसाला 5000 लिटर. मेमधली पातळी काठापासून 12 मीटर खाली, टाकी काठापासून 45 मीटर वर. म्हणजे 57 मीटर चढ. पाइप 200 मीटर. ताशी 1000 लिटर पाणी 32 मिमीच्या एचडीपीई (काळ्या प्लास्टिकच्या) पाइपातून नेले तर पाइपाच्या घर्षणात साधारण 3 मीटर चढाइतका जोर जातो, 25 मिमीच्या पाइपातून नेले तर 10. पाइपात वाचवलेले पैसे मग पॅनेलवर घालावे लागतात. 57 आणि 3 मिळून झालेल्या 60 मीटरसाठी 1 एचपीचा डीसी सबमर्सिबल (पॅनेलच्या विजेवर थेट चालणारा, पाण्यात बुडवायचा) पंप आणि 330 वॅटचे तीन पॅनेल पुरतात. खालच्या टोकाला दर चौरस सेंटीमीटरला 6 किलोचा दाब येतो, तेव्हा पाइप 10 किलो दाब सोसणाराच घ्या.

विहिरीचा झराही तपासा. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 5000 लिटर म्हणजे 40 सेंटीमीटर पाणी. दिवसभर उपसा केल्यावर सकाळपर्यंत तेवढे परत चढत नसेल, तर पंप मोठा घेऊन काहीही साधत नाही.

बॅटरी आम्ही सुचवत नाही. उन्हात चढवलेले पाणी 10,000 लिटरच्या टाकीत राहिले की दोन दिवसांची बेगमी झाली.

बसवताना

पॅनेलचे तोंड दक्षिणेला, कल 20 अंश. तिन्ही पॅनेल सीरिजमध्ये, म्हणजे एकामागोमाग साखळीने जोडलेले असतात; एकावर जांभळाच्या फांदीची सावली आली तरी पंप मंदावतो. पाइप दीड फूट खोल गाडा, उघड्यावरचा वणव्यात वितळतो. पंप तळाला टेकवू नका, गाळ ओढून इम्पेलर (पाणी ढकलणारी आतली चक्रे) झिजतात. पाणी संपले की पंप बंद करणारा ड्राय-रन सेन्सर पंपाच्या जाळीच्या वर बांधा.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो केबलच्या जॉइंटमध्ये. नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट पाण्यात बुडाला की टेपची कड सुटते, आत ओल शिरते, तांबे हिरवे पडते. मग पंप कधी चालतो, कधी अडतो, आणि लोक कंट्रोलर (पॅनेल आणि पंपामधली पेटी) बदलत बसतात. जॉइंट पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता येत नसेल तर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी आणि रेझिनचे किट वापराच.

वापरताना

पिण्याच्या पाण्यात 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आधी बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत सोडा आणि अर्धा तास थांबा. पॅनेल आठवड्यातून एकदा सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने पुसा.

ऊन असताना पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, हात भाजतो.

कातळावर अर्थिंग नीट लागत नाही. मातीचा थर असेल तिथपर्यंत पट्टी न्या आणि कंट्रोलरच्या तोंडाशी सर्ज अरेस्टर (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत उतरवणारे साधन) बसवा. वळवाचे ढग जमू लागले की आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) बंद करा; टाकीत पाणी आहे, पंप तासभर थांबला तरी चालतो.