जॉर्जियन चांदीची भांडी (संग्रह)

ब्रिटनमध्ये पहिल्या ते चौथ्या जॉर्ज राजांच्या काळात (१७१४–१८३०) घडलेले चांदीचे चमचे, काटे, चहादाण्या, कॉफीची उभी भांडी, साखरेचे चिमटे इत्यादी जमवण्याचा छंद. यात चांदीच्या वजनापेक्षा तिच्यावरचे छाप मोलाचे. चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के टंच. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडनच्या चांदी-तपासणी कचेरीची खूण. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा आणि मुकुट शेफील्डचा (दोन्ही १७७३ पासून). शेजारी कारागिराची आद्याक्षरे आणि वर्षाचे अक्षर. लंडनचे अक्षर दर मे महिन्यात बदले आणि वीस अक्षरांनंतर चक्र पुन्हा सुरू होई. म्हणून नुसते अक्षर ओळखून भागत नाही, त्याचे वळण आणि भोवतीची चौकटही पाहावी लागते. लहान चमच्यांवर सगळे छाप असतीलच असे नाही.

१७२० मध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला आणि पळवाटाही निघाल्या. कर छाप घेताना भरावा लागे, म्हणून एखादी छोटी वस्तू छापून घ्यायची, छापाचा तुकडा कापायचा आणि मोठ्या भांड्याच्या बुडाला डाखून टाकायचा! पॉल द लामेरी या नामवंत कारागिराचीही अशी भांडी सापडली आहेत. मुरलेला संग्राहक बुडावर तोंडाची वाफ सोडतो. डाखाची रेघ क्षणभर उमटते आणि विरते. खोडून टाकलेले कुलचिन्हही असेच दिसते; तिथला पत्रा बोटाला पातळ लागतो. १७८४ पासून कर भरल्याची खूण म्हणून राजाचे मस्तक उमटू लागले.

हेस्टर बेटमन आणि पॉल स्टॉर या कारागिरांच्या कामाला विशेष मागणी असते. नवशिक्याने मात्र चमच्यांपासून सुरुवात करावी. सुमारे १७८० पूर्वीच्या चमच्यांवर छाप दांडीच्या खालच्या, अरुंद भागात असत. छापल्यावर दांडी पुन्हा ठोकली जाई, त्यामुळे ते दबलेले, ओढलेले दिसतात. हॅनोव्हेरियन घाटाचे (दांडीचे टोक वर वळलेले) चमचे टेबलावर पालथे मांडत, म्हणून कुलचिन्ह मागच्या बाजूला कोरलेले असते.

व्हिक्टोरियन काळात अशा साध्या चमच्यांवर फळांची उठावदार नक्षी ठोकून त्यांना सोन्याचा मुलामा देण्याची फॅशन आली. छाप अस्सल, नक्षी मात्र नंतरची. चमच्याचा काटा करून विकणे हा त्याहून वाईट प्रकार: काट्याची किंमत जास्त येते, म्हणून.