आपल्याला मलेरियाची सवय आहे, केनियात गोळ्या कशाला?

सफारीला निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो : 'आपण डासांतच वाढलो, आपल्याला मलेरिया होत नाही.'

मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती वारंवार लागण झाली तरच तयार होते. तीही अर्धवट असते आणि लागण थांबली की ओसरते. पुण्यात डास चावणं म्हणजे मलेरिया होणं नव्हे. शेवटचा मलेरिया, रक्ततपासणीत सिद्ध झालेला, कधी झाला होता, हे आठवून पाहा. बहुतेकांना आठवणारच नाही.

शिवाय आपल्याकडे मलेरियाचा व्हायव्हॅक्स हा प्रकारही बराच आढळतो. केनिया-टांझानियात मुख्यतः फाल्सिपेरम हा प्रकार, जो वेळेत उपचार न झाल्यास जीव घेऊ शकतो. घरातली क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी त्यावर भरवशाची नाही.

मुक्कामांची उंची नकाशावर बघा. नैरोबी सुमारे १,७०० मीटरवर, तिथे धोका कमी. मोंबासा समुद्रकाठी, तिथे जास्त. मुक्कामांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही प्रतिबंधक गोळी प्रवासाच्या १-२ दिवस आधी सुरू करून, रोज जेवणासोबत, परतल्यावर ७ दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन ही दुसरी गोळी परतल्यावरही ४ आठवडे. चूक होते ती इथेच : विमानातून उतरलं की गोळ्या बंद!

परतल्यावर वर्षभरात ताप आला, तर गोळ्या घेतल्या असल्या तरी त्याच दिवशी रक्त तपासा. 'आफ्रिकेहून आलोय' हे डॉक्टरांना आधी सांगा.