शिकुमेन : शांघायच्या गल्लीघरांची पार्श्वभूमी

जुलै २०२२ मध्ये शांघायच्या प्रशासनाने शहराच्या मध्यभागातील जुन्या गल्ल्यांच्या सलग वस्त्यांचा पुनर्विकास पूर्ण झाल्याचे जाहीर केले. तीस वर्षे चाललेल्या या मोहिमेत असंख्य कुटुंबे उपनगरांतील उंच इमारतींत राहायला गेली आणि एकेकाळी शहराची ओळख असलेली शिकुमेन पद्धतीची बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. दगडी चौकटीच्या दारामागची ही घरे मुळात निर्वासितांसाठी बांधली गेली, पुढे माणसांनी ओसंडून गेली आणि अखेरीस रहिवाशांना हलवूनच रिकामी करण्यात आली. कोणी कुठे राहायचे, हे प्रत्येक टप्प्यावर ज्यांच्या हाती जमीन होती त्यांनी ठरवले, आणि शांघायचा सामाजिक इतिहास मला तरी याच धाग्याने सर्वांत नीट उलगडतो असे वाटते.

पहिल्या अफूयुद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला. परदेशी व्यापारासाठी जी पाच बंदरे खुली करावी लागली, त्यांत शांघाय होते आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये तेथे प्रत्यक्ष व्यापार सुरू झाला. १८४५ च्या जमीनविषयक नियमांनुसार तटबंदीच्या जुन्या शहराच्या उत्तरेला, हुआंगपू नदीच्या काठी, ब्रिटिशांना वस्तीसाठी जागा मिळाली. १८४९ मध्ये फ्रेंचांची वेगळी वसाहत झाली आणि १८६३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकी वसाहती एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय वसाहत बनली. या हद्दीत चिनी लोकांना घरे भाड्याने द्यायची नाहीत, असा सुरुवातीचा नियम होता. तो दहा वर्षेही टिकला नाही. सप्टेंबर १८५३ मध्ये ‘छोटी तलवार’ संघटनेच्या बंडखोरांनी जुने शहर ताब्यात घेतले, तेव्हा जीव वाचवण्यासाठी लोक परकीय वसाहतींत शिरले. तेथील चिनी वस्ती सुमारे ५०० वरून वर्ष-दीड वर्षात २० हजारांच्या वर गेली आणि पुढे चिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या काळात आसपासच्या प्रांतांतील सधन कुटुंबांचेही लोंढे येऊ लागले.

व्यापाऱ्यांनी या संकटातली कमाई ताबडतोब ओळखली. लाकडी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि चहा-रेशमाच्या व्यापारापेक्षा घरभाडे अधिक किफायतशीर ठरू लागले. ब्रिटिश कॉन्सल रदरफर्ड ऑल्कॉक याने या दाटीवाटीला आक्षेप घेतला, तेव्हा एका व्यापाऱ्याने दिलेले उत्तर त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की दोन-तीन वर्षांत पैसा कमवून येथून निघून जायचे आहे, त्यानंतर सारे शांघाय आगीत गेले किंवा पाण्यात बुडाले तरी आपल्याला काय त्याचे. या शहराच्या घरबांधणीचा पाया कोणत्या वृत्तीवर घातला गेला, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारी दुसरी नोंद माझ्या वाचनात नाही.

या भांडवलाचा एक मोठा प्रवाह मुंबईतून गेला होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि १८३० च्या दशकात बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससूनच्या घराण्याने या व्यापारात प्रचंड संपत्ती मिळवली. मुंबईकरांना ससून डॉक आणि काळा घोड्याजवळचे ग्रंथालय यांमुळे हे नाव परिचित आहे. शांघायमध्ये मात्र ते जमीन आणि इमारती यांच्याशी जोडलेले आहे. मुंबईत कापड गिरण्या चालवणाऱ्या व्हिक्टर ससूनने पुढे आपला पैसा शांघायकडे वळवला आणि १९२९ मध्ये नदीकाठच्या ‘द बंड’ (Bund) नावाच्या रस्त्यावर ससून हाउस व त्यातील कॅथे हॉटेल उभे राहिले. बगदादमध्ये जन्मलेला आणि मुंबईत वाढलेला सायलस हारदून ससूनांच्या नोकरीत शांघायला गेला आणि १९३१ मध्ये मृत्यू पावला, तेव्हा नानजिंग रस्त्यावरच्या सर्वांत मोठ्या जमीनमालकांत त्याची गणना होत होती.

लाकडी ओळींना आगीचा धोका असल्यामुळे १८७० च्या सुमारास विटा आणि लाकूड वापरून बांधलेली शिकुमेन घरे आली. मुख्य रस्त्यावर दुकाने, मध्ये कमानीचे प्रवेशद्वार, आत एक मोठी गल्ली आणि तिला फुटणाऱ्या बोळांच्या दोन्ही अंगांना एकमेकांना चिकटून उभी असलेली दुमजली घरे, अशी ही रचना होती. एकेका घराला काळ्या रंगाचे जाड लाकडी दार, त्यावर पितळी कड्या, आत शिरताच छोटा उघडा चौक, त्यापलीकडे दिवाणखाना, बाजूला खोल्या आणि मागे स्वयंपाकघर असे. वरकरणी इंग्लंडमधील ओळीच्या घरांसारखे दिसणारे हे घर आतून यांगत्सेच्या दक्षिणेकडील चौकाच्या घराची लहान आवृत्ती होते. मुंबईच्या चाळीशी त्याची तुलना हमखास होते, पण एक फरक महत्त्वाचा आहे. चाळ मुळातच एका खोलीत एक बिऱ्हाड या हिशेबाने बांधली गेली. शिकुमेन एकाच सुस्थितीतल्या कुटुंबासाठी होते आणि त्याची चाळ नंतर झाली.

ती करण्यात पोटभाड्याचा वाटा मोठा होता. मूळ भाडेकरू संपूर्ण घर घेई, दिवाणखान्यात फळ्यांचे आडोसे घाली, पोटमाळे काढी आणि खोली खोली पोटभाडेकरूंना देई. १९३७ नंतर जपानी आक्रमणातून पळून आलेल्यांची गर्दी झाली, तशी पागडी सोन्याच्या लगडींत मागितली जाऊ लागली. स्वयंपाकघराच्या वरची, उत्तरेकडे तोंड असलेली, उन्हाळ्यात तापणारी आणि हिवाळ्यात गारठणारी तिंगझिजिएन ही छोटी खोली सर्वांत स्वस्त असल्यामुळे १९३० च्या दशकातील कितीतरी गरीब लेखक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते तेथेच राहिले. चिनी कम्युनिस्ट पक्षाची पहिली परिषद जुलै १९२१ मध्ये फ्रेंच वसाहतीतील अशाच एका शिकुमेन घरात भरली होती. उत्तर जिआंगसूतून आलेले रिक्षावाले आणि हमाल यांना मात्र गल्लीतली ही खोलीही परवडत नसे. ते खाडीकाठच्या गवताच्या झोपड्यांत राहत.

मे १९४९ मध्ये शहराची सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. पुढच्या दशकात भाड्याने दिलेली बहुतेक खासगी घरे सरकारी व्यवस्थापनाखाली आली, भाडी नाममात्र झाली आणि नवी घरे गरजेच्या मानाने फारच कमी बांधली गेली, कारण सरकारी पैसा कारखान्यांकडे वळत होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या मालकांना आपल्याच घराच्या एका खोलीत ढकलून इतर कुटुंबे आत आली. सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येक बिऱ्हाडाची स्वतंत्र शेगडी आणि छताला स्वतंत्र दिवा असे, ज्याचे बटण त्या-त्या खोलीत असे, म्हणजे विजेच्या बिलावरून भांडण नको. संडास नसल्याने पहाटे मैल्याची गाडी आली की लाकडी डबे रिकामे करून बांबूच्या कुंच्याने घासण्याचे काम गल्लीभर चाले आणि ते बहुधा बायकांच्याच वाट्याला येई. गल्लीतील आपुलकीच्या आठवणी खऱ्या आहेत, पण त्या सांगताना हे विसरणे अन्याय ठरेल.

१९८८ मध्ये शांघायने होंगछियाओ येथील एका भूखंडाचे वापरहक्क जपानी कंपनीला विकले, १९९० मध्ये हुआंगपूच्या पूर्वेकडील पुडोंग भागाच्या विकासाची घोषणा झाली आणि जमिनीला पुन्हा किंमत आली. भिंतीवर वर्तुळात ‘पाडा’ या अर्थाचे चिनी अक्षर रंगवले गेले, की त्या गल्लीचे दिवस भरले, हे रहिवासी ओळखत. स्वतःचा संडास आणि स्वयंपाकघर मिळणार म्हणून अनेकांनी मनापासून घर सोडले. भरपाई अपुरी वाटणारे वर्षानुवर्षे अडून राहिले. वृद्धांच्या दृष्टीने रुग्णालय, भाजीबाजार आणि ओळखीची माणसे दूर गेली, ती कोणत्याही भरपाईत मोजली गेली नाहीत.

जतनाचा मार्ग २००१ मध्ये सुरू झालेल्या शिनतियानदी प्रकल्पाने घालून दिला. कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या परिषदेचे घर शेजारीच असल्याने तेथे उंच बांधकामाला मर्यादा होती. म्हणून विटांचे दर्शनी भाग राखून आत उपाहारगृहे आणि दुकाने आणली गेली. ताइकांग रस्त्यावरील तियानझीफांगमध्ये निदान काही रहिवाशांनी आपल्या खोल्या स्वतः भाड्याने देऊन उत्पन्न मिळवले, पण पुढे बहुतेक ठिकाणी शिनतियानदीचाच कित्ता गिरवला गेला. झांगयुआन या शिकुमेन घरांच्या जुन्या वस्तीत रहिवाशांना आधी हलवण्यात आले, २०२२ मध्ये त्याच्या पश्चिम भागात महागड्या ब्रँडची दालने उघडली आणि २०२५ मध्ये तळघरांच्या खोदकामासाठी तेथील हुआयानली हा सुमारे ७,५०० टनांचा घरसमूह ४३२ यंत्रमानवांच्या आधारे सरकवून पुन्हा मूळ जागी आणण्यात आला. इमारत वाचवण्याचे तंत्र शांघायने एवढे विकसित केले आहे. मूळ रहिवाशांना त्याच गल्लीत, सुधारलेल्या घरात परत येण्याचा हक्क देणारी योजना मात्र शहराच्या मध्यभागात अपवादानेच राबवली गेली.