पंखे फिरतायत, स्क्रीन काळी: नव्या पीसीचा सराव चाललाय

"काका, पंखे फिरतायत, आरजीबीचे रंगीत दिवे लागतायत, पण डिस्प्लेच येत नाही, बोर्ड उडाला वाटतं." दिवाळीच्या आसपास हातात जरा पैसे आले की नाशकात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कुठल्या ना कुठल्या पोराच्या तोंडून हे वाक्य येतंच. सुटे पार्ट मागवायचे, यूट्यूब बघून रात्रभर जोडायचे आणि पहाटे बटण दाबलं की काळी स्क्रीन. मग घाबरून पाच सेकंद बटण दाबून बंद, परत चालू, परत बंद. बऱ्याचदा पीसीला काहीही झालेलं नसतं, तो आपलं काम करत असतो आणि आपणच मधे मधे त्याला हाणून पाडतो.

मुळात पंखा फिरला म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला हा समज चुकीचा आहे. पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, त्याला प्रोसेसर जागा आहे की झोपलाय याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. मागचा स्विच ऑन केला की पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक सप्लाय कायम देत राहतो, जांभळ्या वायरीतून. तेवढ्यावर बोर्डाचा एक कोपरा जागा असतो आणि बटणाची वाट बघतो. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, खेचतो, मग सप्लाय पूर्ण चालू होतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तिन्ही स्थिर झाले की थोडं थांबून, म्हणजे साधारण एक दशांश ते अर्धा सेकंद, करड्या वायरीवर "आता घ्या" असा सिग्नल देतो. तोपर्यंत प्रोसेसरला रिसेटमध्ये दाबून ठेवलेलं असतं. (सप्लायच्या सगळ्याच वायरी काळ्या असतील तर रंग शोधत बसू नका, पिनांची जागा तीच असते.) इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे बोर्ड आणि सप्लायचं स्टँडर्ड आणलं तेव्हापासून ही पद्धत साधारण अशीच चालत आलीये.

काहीच होत नसेल, पंखासुद्धा नाही, तर गडबड इथेच. सप्लायचा मागचा स्विच, २४ पिनचा कनेक्टर पूर्ण खटकन बसलाय का, आणि कॅबिनेटच्या बटणाच्या दोन पिना योग्य जागी आहेत का. त्या दोन पिनांना क्षणभर स्क्रूड्रायव्हर टेकवून बघा, चालू झाला तर बटणाची वायर चुकलीये, बस्स. पंखे फिरतात पण पुढे काही नाही, असं असेल तर आधी प्रोसेसरचा वेगळा ८ पिनचा कनेक्टर बघा, वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, हीटसिंकखाली लपतो आणि नव्वद टक्के लोक पहिल्या वेळी तोच विसरतात (आकडा माझ्या अंदाजाचा). एचडीएमआय ग्राफिक्स कार्डला लावलीये की बोर्डाला, तेही बघा. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात ग्राफिक्स नसतं, तिथे बोर्डाला केबल लावून जन्मभर बसलात तरी चित्र येणार नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, रॅम.

प्रोसेसर रिसेटमधून सुटला की ठरलेल्या पत्त्यावरून पहिली सूचना उचलतो, ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून, आणि ती असते बायोसच्या, म्हणजे पीसी जागा करणाऱ्या प्रोग्रामच्या, फ्लॅश चिपमध्ये. (एएमडीच्या रायझनमध्ये त्याच्याही आधी आतला एक छोटा एआरएम कोर, म्हणजे वेगळा चिमुकला प्रोसेसरच, उठतो आणि पुढची बरीच कामं तोच करतो.) गंमत म्हणजे या क्षणी रॅम वापरताच येत नाही. स्टिक लावलीये, वीज मिळतेय, पण तिच्याशी बोलायचं कसं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून सुरुवातीचा प्रोग्राम प्रोसेसरच्या आतल्याच मेमरीवर भागवतो.

बोलायचं कसं म्हणजे काय? डीडीआर५ ६००० ही हल्लीची रॅम घ्या. एका वायरीतून सेकंदाला ६०० कोटी बिट, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला १६७ पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाश ५ सेंटीमीटर जातो आणि बोर्डाच्या तांब्यातला सिग्नल त्याच्या निम्मा, अडीच सेंटीमीटर. म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या बोटभर वायरीत एकाच वेळी दोन-तीन बिट एकामागे एक धावत असतात! बोर्डावर रॅमशेजारी नागमोडी रेषा दिसतात ना, त्या वायरींची लांबी जुळावी म्हणून मुद्दाम वळवलेल्या असतात. तरी लांबी शंभर टक्के जुळत नाही, आणि प्रत्येक स्टिक, प्रत्येक स्लॉट, प्रत्येक प्रोसेसर थोडा थोडा वेगळा.

त्यात ठेका धरणारा क्लॉक सिग्नल स्टिकवरच्या चिपांना एकदम मिळत नाही, एका चिपवरून दुसरीवर असा जातो. आपला नाशिक ढोल आठवा. पुढचा ताशा वाजला की तो आवाज ३४ मीटर मागे उभ्या ढोलवाल्याला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तो कानावर विसंबून वाजवायला लागला की अख्खा ठेका फाटतो. म्हणून मिरवणुकीआधी महिनाभर सराव, कोणी किती आधी हात टाकायचा ते अंगात भिनेपर्यंत. रॅमचं ट्रेनिंग म्हणतात ते हेच. प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा कंट्रोलर एका चिपला ठोका पाठवतो, चिप सांगते की तुझा ठोका आला तेव्हा माझ्याकडे क्लॉक ० होता का १. ० आला तर कंट्रोलर ठोका जरासा उशिरा पाठवतो, परत विचारतो, परत सरकवतो, ०चा १ होईपर्यंत. मग पुढची चिप. हे झालं रॅममध्ये लिहिण्यापुरतं, तेही अर्धंच. वाचताना ठरावीक नमुना मागवायचा, वेळ आणि व्होल्टेजची पातळी थोडी थोडी सरकवत बघायचं की कुठे बरोबर येतंय आणि कुठे चुकतंय, आणि बरोबर येणाऱ्या खिडकीच्या मधोमध जाऊन बसायचं. प्रत्येक वायरीसाठी वेगळं. स्टिक जास्त, रॅम जास्त, तर वेळ जास्त.

हे सगळं होईपर्यंत स्क्रीन काळी. नवा डीडीआर५ पीसी पहिल्यांदा चालू होताना एक-दोन मिनिटं सहज लागतात, चार स्टिक आणि भरपूर रॅम असेल तर दहा-पंधरासुद्धा. एएमडीच्या रायझनसाठीचे एएम५ बोर्ड २०२२ मध्ये आले तेव्हा जगभर लोकांनी धडधाकट बोर्ड खराब समजले होते. आणि मधेच बंद केलंत तर सराव पहिल्यापासून. जमलेले आकडे नंतर साठवले जातात म्हणून दुसऱ्या वेळी झटकन चालू होतो, पण बायोस अपडेट केला, रॅमचा स्पीड वाढवला किंवा बोर्डावरचा गोल सेल काढला की पुन्हा तेच.

आणि कृपा करून तो खोडरबर खाली ठेवा. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या की पीसी चालू होतो हे शास्त्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, सोनं गंजत नाही, घासून तुम्ही तो मुलामाच उडवता आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये सोडता. फरक पडतो तो स्टिक काढून नीट दाबून बसवल्यामुळे, पण श्रेय जातं रबराला. कॅबिनेटला लिंबू-मिरची लावणारे आणि शनिवारी लोखंड नको म्हणून डिलिव्हरी रविवारवर ढकलणारे निदान पार्ट तरी खराब करत नाहीत.

तर करायचं काय. बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. डीरॅमचा लागून राहिला तर चहा टाका आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. तरी हलला नाही तर सप्लाय बंद करून एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये (दोन स्टिक असतील तर दुसरा आणि चौथा, पहिला-दुसरा नाही), दोन्ही टोकं खटकन बसेपर्यंत दाबा, सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि पुन्हा तेवढंच थांबा. मग दुसरी स्टिक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन बदलल्या की कशाने सुटलं ते कळत नाही.

सीपीयूचाच दिवा लागला असेल आणि ८ पिन नीट असेल, तर दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचा बायोस तुमच्या नव्या प्रोसेसरपेक्षा जुना असू शकतो. काही बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, पेन ड्राइव्हवरून प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट होतो. बायोसचंही कारण नसेल तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरक्या बघा. एएम५ला त्या १७१८ असतात, एखादी वाकलेली असली तर उजेडात ओळीतून वेगळी चमकते. आणि सॉकेटवर आलेलं काळं प्लास्टिकचं झाकण फेकलं असेल तर कचऱ्यातून शोधून काढा, वॉरंटीत बोर्ड परत करताना ते मागतात.