बंदुकीची झिलई

बंदूक व रायफल यांच्या पोलादी भागांना गंजापासून जपणारा आणि शोभा देणारा पृष्ठसंस्कार. यात नळीवरचा निळा-काळा किंवा तपकिरी ऑक्साइडचा थर, फॉस्फेटचा थर, सिरॅमिक रंगलेप, सोन्या-चांदीच्या तारेचे नक्षीकाम (कोफ्तकाम) आणि लाकडी दस्त्यावरचे तेलकाम मोडते. सोलापूर जिल्ह्यात परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) दुनळी बंदुका आणि इच्छापूर कारखान्याच्या .३१५ बोअरच्या रायफली यांच्या संदर्भात ही नोंद आहे.

इतिहास : पोलाद तापवून निळे करण्याची रीत बंदुकीपेक्षा जुनी असावी. सोळाव्या शतकातील युरोपीय चिलखतांवर ती आढळते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येणारा हा निळा रंग देखणा असला, तरी अतिशय पातळ असल्याने हाताळणीत लवकर विटतो. आम्लाने मुद्दाम गंज चढवून नळी तपकिरी करण्याची पद्धत युरोपात शिकारी बंदुकांवर आधी आली व लष्करात नंतर रुळली, असे सामान्यतः मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या, ब्रिटिश सैन्यातल्या बेकर रायफलीच्या नळ्या अशा तपकिरी होत्या.

कोफ्तकामाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचे मूळ दमास्कसला नेतात, तर काही इराणला. भारतात ते मुघल काळात इराणी कारागिरांमार्फत आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दख्खनच्या सुलतानांचा इराणशी थेट संबंध होता, त्यामुळे उत्तरेचा मार्ग हा एकच मार्ग मानण्याचे कारण नाही. या कामात पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरबाडतात, पृष्ठभाग तापवून त्यावर सोन्याची वा चांदीची तार ठोकून बसवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. खोल चर कोरून त्यात धातू भरण्याचा प्रकार (तहनिशां) याहून टिकाऊ असतो. सोलापूरला जवळच्या बिदरच्या बिदरीकामाशी याची गल्लत होते. बिदरी जस्ताच्या मिश्रधातूवर करतात. तो धातू नळीला चालत नाही. जुनी कोफ्तकाम केलेली नळी बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) चढवली की सोने मिनिटभरात उडते आणि रेघांची जाळी तेवढी उरते.

निवड : पहिला प्रश्न रंगाचा नसून बांधणीचा असतो. दुनळीच्या दोन नळ्या व मधली पट्टी बहुधा शिसे-कथलाच्या डाखाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. गरम क्षाराच्या कढईत (कॉस्टिक सोडा व नायट्रेट, सुमारे १४० अंश, १५ ते ३० मिनिटे) हा डाख वितळत नाही, पण क्षार तो खातो. पट्टीखाली शिरलेला क्षार धुऊन निघत नाही व महिन्या-दोन महिन्यांनी सांध्यातून पांढरा फुटतो. अॅल्युमिनियमचा भाग तर त्या कढईत विरघळतोच. म्हणून १९३०च्या दशकापासून कारखान्यांनी उचललेली ही झटपट पद्धत अखंड पोलादी रायफलीला ठीक, दुनळीला नाही.

दुनळीसाठी मंद गंज-निळाई, म्हणजे गंज चढवून तो उकळून काळा करण्याची रीत, योग्य. नळी दस्त्यापासून सोडवून आधी २२०, मग ३२० व ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासतात. याहून गुळगुळीत केल्यास गंज सारखा धरत नाही. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या घट्ट बसवतात, म्हणजे आतली नळी व काडतुसाचे घर गंजत नाही. अॅसिटोनने तेल काढल्यावर उघडा हात लागता कामा नये. गंज चढवणारे आम्लाचे द्रावण जवळजवळ कोरड्या फडक्याने एकाच दिशेने पुसतात. ओघळ आला की तिथे डाग कायमचा. मग नळी दमट पेटीत ठेवतात. श्रावणात सोलापुरात तीन-चार तासांत मखमलीसारखा तांबूस गंज येतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो येतच नाही, तेव्हा पेटीत ओले फडके व दिवा लागतो. गंज आल्यावर नळी १५-२० मिनिटे उकळतात. तांबडा ऑक्साइड काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. वर सुटलेली काजळी तेल काढलेल्या बारीक स्टील वूलने झाडतात. हे चक्र पाच ते आठ वेळा करून शेवटी नळी दिवसभर तेलात मुरवतात.

उकळायला बोअरवेलचे पाणी वापरू नये. बेसॉल्टातल्या पाण्याचा जडपणा पांढऱ्या ठिपक्यांनी नळीवर उतरतो. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. तांबूस चट्टे राहिले तर तेल नीट निघालेले नव्हते असे समजावे. बारीक खड्डे पडले तर नळी पेटीत जास्त वेळ राहिली. जुन्या कृतींतला पाऱ्याचा क्लोराइड विषारी आहे, तो टाळावा.

रंग किंवा नक्षी हवी असेल तर सेराकोटसारखा भट्टीत पक्का होणारा सिरॅमिक लेप सर्वांत टिकाऊ. धातूच्या छिद्रांतले तेल बाहेर यावे म्हणून भाग आधी तापवतात, १०० ते १२० नंबरच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करतात (दाबाच्या हवेने कण मारून पृष्ठभाग खरबरीत करतात), १८ भाग रंगाला १ भाग हार्डनर मिसळून फवारतात आणि १२० अंशांना दोन तास भाजतात. थर सुमारे २५ मायक्रॉनचा होतो. बोल्ट, चाप व घोडा यांच्या सरकत्या जागा झाकल्या नाहीत तर भाग अडकतात. ठसे (चिकटवायचे स्टेन्सिल) वापरून पट्टे काढायचे असल्यास खालचा थर अर्धवट भाजून घेतात आणि ठसा अंतिम भाजणीआधी उचलतात. उशीर झाला तर कड फाटते. औद्योगिक वसाहतीतले पावडर कोटिंग याला पर्याय नाही, कारण त्याचा थर दुप्पट-तिप्पट जाड असतो. फॉस्फेटचा करडा थर टिकतो, तेल धरतो, पण शोभेचा नव्हे.

लाकडी दस्ता : जवसाचे तेल अगदी पातळ थराने, दोन थरांमध्ये निदान एक दिवस ठेवून लावतात. करडईचे तेल कमी पिवळे पडते, पण फार सावकाश सुकते. करडईवर संशोधन चालणाऱ्या सोलापुरातही दस्त्याला जवसच बरे. उन्हाळ्यात लाकूड आकसते व स्क्रू ढिले होतात, म्हणून दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखालच्या उघड्या लाकडालाही तेल पाजावे. जवसाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. ती पसरून वाळवावीत.

जतन : ऑक्साइडचा थर आम्लाने निघतो. लिंबू, चिंच, गंज काढण्याची द्रावणे यांपासून नळी दूर ठेवावी. खंडेनवमीला पूजेत ठेवलेल्या बंदुकीवर ओली फुले व हळद-कुंकू रात्रभर राहिले, तर सकाळी त्याखाली तांबडे ठिपके दिसतात. पूजा आटोपताच नळी पुसून तेल लावावे. कापडी वा चामडी खोळीत बंदूक कायमची ठेवू नये, कारण खोळ ओल धरते.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखखूण खोडणे वा बदलणे गुन्हा आहे. घासताना व ब्लास्ट करताना क्रमांकाची जागा टेप लावून वगळावी. जाड लेपाने बुजलेला क्रमांकही तपासणीत अडचण करतो. दुरुस्तीचा व्यवसाय कलम ५ खाली परवान्याविना करता येत नाही, म्हणून झिलईचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे आणि त्याची पावती परवान्यासोबत ठेवावी. परवान्यासंबंधीचे अधिकार सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे व ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत.