बिलियन, कॉम्प्युटर आणि व्हिस्की : इंग्रजी शब्दांचं स्पॅनिश कसं होत गेलं

माद्रिदला १७१३ साली स्पॅनिश भाषेची अकादमी सुरू झाली तेव्हा इंग्रजीची कुणालाच काळजी नव्हती, सगळा राग फ्रेंचवर होता. इंग्रजी शब्दांचा लोंढा आला तो बराच नंतर, एकोणिसाव्या शतकात व्यापार, राजकारण आणि मुख्य म्हणजे खेळ यांच्याबरोबर.

फुटबॉलसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका पत्रकाराने 'बालोंपिये' हा शब्द लावून धरला, बालोन म्हणजे बॉल आणि पिये म्हणजे पाय. सेव्हियाच्या एका क्लबच्या नावात तो अजून आहे, पण लोक 'फुत्बोल'च म्हणत राहिले. बास्केटबॉलचं 'बालोनसेस्तो' मात्र स्पेनमध्ये मस्त रुजलं, आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ते 'बास्केतबोल' किंवा नुसतं 'बास्केत' झालं. मग स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर हुकूमशाही सरकार आलं आणि क्लबांच्या परदेशी नावांवर थेट बंदीच घातली, १९४१ मध्ये बिल्बाओच्या क्लबला 'अ‍ॅथलेटिक' सोडून 'अतलेतिको' व्हावं लागलं, जुनं नाव परत मिळायला १९७० चं दशक उजाडलं. मला वाटतं या जबरदस्तीने फार नुकसान केलं, कारण पुढे कुणी साधा चांगला पर्याय सुचवला तरी लोकांना त्यात हुकूमाचा वास यायला लागला.

पण खरा गोंधळ ज्या शब्दाने घातलाय तो बघितला तर यात भाषांतर करण्यासारखं आहेच काय असंच वाटेल : बिलियन. स्पॅनिशमध्ये दिसायला जवळपास तसाच शब्द आहे, 'बियोन', आणि तिथेच माणूस फसतो. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये हा शब्द निघाला तेव्हा त्याचा अर्थ होता दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एकावर बारा शून्यं, आपल्या हिशोबात एक लाख कोटी. स्पॅनिशने तो अर्थ धरला आणि आजतागायत सोडला नाही. फ्रेंचांनी मात्र मधे तो नऊ शून्यांवर आणला, अमेरिकेने तीच पद्धत उचलली, मग विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्स परत बारावर गेला, आणि ब्रिटन, जे इतकी वर्षं बारावर होतं, त्याच्या सरकारने १९७४ मध्ये अमेरिकेसारखं नऊ शून्यांचं बिलियन वापरायचं ठरवलं. तर आज इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि स्पॅनिश बियोन म्हणजे इंग्रजीतलं ट्रिलियन. हजारपट फरक! इंग्रजी बातमी घाईत उतरवताना बिलियनचं सरळ बियोन केलं की कर्ज, बजेट, लोकसंख्या सगळंच हजारपट फुगतं.

बरोबर पर्याय आधीपासून होता, 'मिल मियोनेस', म्हणजे हजार मिलियन. पण तो लांब, हेडलाईनमध्ये बसत नाही, आणि मोठी आकडेवारी असली की वाचणाराही अडखळतो. म्हणून १९९० च्या दशकात व्हेनेझुएलाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी अकादमीकडे वेगळा शब्द मागितला, आणि १९९५ मध्ये 'मियार्दो' मंजूर झाला, मूळ फ्रेंच. यावर टीका झाली की फ्रेंच उसनवारीची काय गरज, लोकांचं भागतंय की. मी स्वतः मियार्दोच्या बाजूने आहे. एका शब्दात, शंकेला जागा न ठेवता काम होतं आणि पैशाच्या कागदात यापेक्षा मोठी गोष्ट नाही. पण व्हेनेझुएला सोडलं तर तो फार पसरला नाही, बाकी ठिकाणी मिल मियोनेसच चालतं. त्यात अमेरिकेतले आणि पोर्तो रिकोचे स्पॅनिश बोलणारे बियोन बरेचदा नऊ शून्यांसाठीच वापरतात, कारण आजूबाजूला इंग्रजी. म्हणजे नुसतं 'स्पॅनिशमध्ये करून द्या' या सूचनेला काही अर्थच उरत नाही, वाचणारा कुठे बसलाय ते आधी विचारायला लागतं.

माद्रिदची आणि बाकी स्पॅनिशभाषक देशांच्या अकादम्यांनी नंतर स्पेलिंगलाही हात घातला. २००५ च्या त्यांच्या शंकाकोशात, म्हणजे भाषेतल्या अडचणींची उत्तरं देणाऱ्या कोशात, व्हिस्कीला 'गुइस्की' असं रूप सुचवलं, ते फारसं कुणी लिहीना, २०१० च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात 'विस्की' पुढे केलं, पण बाटलीवर आणि मेनूकार्डवर अजून इंग्रजीच. 'सेल्फी'चं नशीब बरं, २०१४ मध्ये माद्रिदच्या एका संस्थेने इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं e अक्षर काढून तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला आणि तसा तो बऱ्यापैकी चाललाही.

कॉम्प्युटरचं भांडण स्पॅनिश शिकणाऱ्या सगळ्यांना माहीतच असतं, स्पेनने फ्रेंचवरून 'ओर्देनादोर' घेतलं, मेक्सिको-अर्जेंटिनाने इंग्रजीवरून 'कोम्पुतादोरा'. सॉफ्टवेअर कंपन्या आल्यावर या फरकाला नंबरच मिळाला : भाषांतराची एक फाईल स्पेनची आणि दुसरी ४१९ ची, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनचा आकडा ४१९ आहे म्हणून. एवढ्या सगळ्या देशांना एकच फाईल! तिच्यात कोम्पुतादोरा लिहिलं की मेक्सिकोत ठीक, चिले आणि कोलंबियात लोक 'कोम्पुतादोर' म्हणतात. म्हणून आता बरीच कामं ४१९ वर न थांबता मेक्सिकोची वेगळी फाईल मागतात, आणि पैशाचे आकडे असतील तर बियोन कुठल्या अर्थाने ते कामाच्या सूचनांमध्येच लिहून घ्यावं.