खाली जाते, वर येत नाही

जूनचा तिसरा आठवडा. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो, मागच्या सीटवर डावीकडे आत्या. आंबा घाटात धुकं उतरलं तशी तिने निम्मी काच खाली घेतली. "अरे, हवा बघ कशी सुटलीय," म्हणेपर्यंत पावसाने झोडपायला सुरुवात केली. आत्याने बटण वर ओढलं. काच ढिम्म. मी माझ्या दारावरच्या बटणाने प्रयत्न केला, तरी ढिम्म. गडबडीत तिच्याकडून बटण उलटं दाबलं गेलं, तर उरलेली निम्मी काचही मुकाट खाली जाऊन दारात गडप झाली. घाट उतरेपर्यंत आत्या गाडीच्या आत छत्री उघडून बसली होती आणि "विकून टाक हे धूड" असं तिचं तीनदा सांगून झालं होतं.

धूड चौदा वर्षांचं आहे, हे खरं. घाटाखाली पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी लावली. तिथल्या इलेक्ट्रिशियनने दाराचं आतलं पॅड सराईतपणे उचकटलं, काच चालवणाऱ्या मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरची काळी पिन दाराच्या पत्र्याला आणि लाल पिन कपलरमध्ये लावली. मला बटण वर ओढायला सांगितलं. मीटरवर १२ व्होल्ट. "करंट तर येतोय साहेब. मोटर गेली. रत्नागिरीत मिळेल." त्याने खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवून दिला आणि आम्ही निघालो.

रस्ताभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मोटर गेली असेल, तर काच खाली कुणी नेली?

गाडीच्या काचेची मोटर म्हणजे साधी डीसी मोटर. तिला वायरी दोनच. एका वायरीला बॅटरीचा प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेला गाडीचा पत्रा) दिला की ती एका दिशेने फिरते; अदलाबदल केली की उलट दिशेने. गुंडाळी तीच, चुंबक तेच, गुंडाळीला वीज पोचवणारे ब्रश तेच. जी मोटर एका दिशेला नीट फिरते, ती दुसऱ्या दिशेला मेलेली असणं अवघडच.

अर्थात इथे एक फसवी जागा आहे. काच तीन-चार किलोंची असते. खाली जाताना तिचं वजन मोटरच्या मदतीला येतं, वर येताना तेच अंगावर येतं. त्यामुळे मोटर अशक्त झाली असेल किंवा काचेच्या कडेचं रबर कडक होऊन काचेला धरून ठेवत असेल, तरीही लक्षण हेच दिसतं: खाली जाते, वर येत नाही. दोन्ही आजारांचा चेहरा एक. मग ओळखायचं कसं?

यासाठी दमडीचाही खर्च नसलेली एक चाचणी आहे. रात्री इंजिन बंद ठेवून गाडीतला छताचा दिवा लावायचा, किल्ली फिरवायची आणि काचेचं बटण दाबून दिव्याकडे बघायचं. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच एक छोटं जनित्र असते. तिच्या गुंडाळीत उलटा दाब तयार होतो आणि बॅटरीकडून येणाऱ्या प्रवाहाला लगाम घालतो. म्हणून फिरत्या मोटरला पाच ते दहा अँपियर पुरतात. तीच मोटर अडकून जागच्या जागी थांबली की हा लगाम सुटतो. गुंडाळीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जेमतेम अर्धा-पाऊण ओहम, वर १२ व्होल्ट. प्रवाह थेट वीस अँपियरच्या घरात जातो. एवढा ओढा बसला की दिवा मंदावतो आणि दारातून कण्हल्यासारखा आवाज येतो. म्हणजे दिवा मंदावला तर वीज मोटरपर्यंत पोचतेय आणि अडचण यांत्रिक आहे. दिवा ढळलाच नाही तर वीजच वाहत नाही.

रत्नागिरीला पोचल्यावर अंगणात हा प्रयोग केला. खाली जायचं बटण दाबलं की दिवा किंचित मंद. वरचं दाबलं की दिवा जसाच्या तसा, आणि दार मुकं.

वीज वाहत नाही, पण मीटर तर १२ व्होल्ट दाखवत होता! दोन्ही खरं आहे, आणि जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त माणसं इथेच चकतात. गच्चीवरच्या टाकीचा नळ आठवा. पाइपात गाळ साचून जेमतेम सुईएवढी वाट उरली असेल, तरी नळ बंद असताना आतला दाब पुरेपूर असतो. नळ उघडला की मात्र करंगळीएवढीही धार येत नाही. मल्टिमीटर म्हणजे जवळपास बंद नळच. त्याचा स्वतःचा रोध सहसा १ कोटी ओहम, म्हणजे तो वायरीतून नावापुरताच प्रवाह घेतो. वाटेत गंजलेला सांधा असला तरी त्याला पत्ता लागत नाही. मोटरला मात्र दहा अँपियर हवे असतात, आणि तेव्हा तो सांधा आडवा येतो.

म्हणून जुने वायरमन अजून मीटरऐवजी दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब खिशात बाळगतात. २१ वॅटचा हा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. त्याला नुसते व्होल्ट दिसणं पुरत नाही. तो पेटला तरच वीज कामाची. मी तोच बल्ब कपलरच्या दोन पिनांमध्ये धरला. खाली: लख्ख. वर: अंधार.

आणखी एक चूक त्या गॅरेजात झाली होती, आणि ती मला घरी कागदावर आकृती काढल्यावर उमगली. मीटरची काळी पिन दाराच्या पत्र्याला लावली होती. म्हणजे तपासली गेली ती फक्त जाण्याची वाट. येण्याची वाट, मोटरमधून बाहेर पडून अर्थपर्यंतची, कुणी पाहिलीच नव्हती.

आता ही परतीची वाट जाते कुठून, ते बघण्यासारखं आहे. माझ्या गाडीसारख्या, कॉम्प्युटर मध्ये न घेणाऱ्या जुन्या वायरिंगमध्ये मोटरच्या दोन्ही वायरी एरवी अर्थला टेकलेल्या असतात. बटण दाबलं की त्यातली एक अर्थवरून उचलली जाऊन प्लसला जोडली जाते, दुसरी जागेवरच राहते. (बटण सोडताच काच जागच्या जागी थांबते तीही यामुळेच. दोन्ही टोकं एकमेकांना जोडली गेल्याने फिरती मोटर स्वतःलाच ब्रेक लावते.) पण मागच्या खिडकीला बटणं दोन असतात: एक मागच्या दारावर, एक ड्रायव्हरपाशी. दोघांनाही ताबा द्यायचा तर मागच्या बटणाचा अर्थ ड्रायव्हरच्या बटणातून ओवून नेतात. म्हणजे आत्याने मागे बसून तिचं बटण दाबलं, तरी वीज परत फिरताना माझ्या उजव्या कोपराखालच्या स्विचच्या पेटीतून जाणार. तिथला एक कॉन्टॅक्ट (पट्टीला पट्टी टेकते ती जागा) काळा पडला असेल, तर त्याच्यावर विसंबलेली एकच दिशा बंद पडणार, आणि तीही दोन्ही बटणांवरून. दुसरी दिशा दुसऱ्या कॉन्टॅक्टवरून परतते, म्हणून ती ठणठणीत. आमचं लक्षण अगदी हेच होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

खात्री करायला मीटर ओहमवर लावला. एक वायर ते गाडीचा पत्रा: ०.३ ओहम. दुसरी वायर ते पत्रा: ३४ ओहम. ३४ ओहम आणि मोटरचा अर्धा-पाऊण ओहम एकापाठोपाठ आले की बाराच्या बारा व्होल्ट जवळजवळ सगळे त्या कॉन्टॅक्टमध्येच खर्ची पडतात. मोटरच्या वाट्याला जेमतेम पाव व्होल्ट येतो. कशी फिरेल?

पाऊस थांबत नव्हता, म्हणून आधी काच वर घ्यायची होती. ती हाताने ओढून वर येत नाही, कारण मोटरच्या तोंडाशी वर्म गिअर असतो: स्क्रूसारखा दांडा आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला फिरवू शकत नाही. आटे इतके कमी उताराचे असतात की घर्षणच जिंकतं. चोराने काच खाली ढकलू नये म्हणून ही सोय उत्तम. भर पावसात आत्या बसली असताना तितकीशी नाही. मग मी मोटरच्या दोन वायरी कपलरपाशी उलटसुलट जोडल्या आणि खाली जायचं बटण दाबलं. काच वर आली. चालू असलेल्या दिशेलाच वरचं काम लावलं, एवढंच. आत्या ओसरीवरून म्हणाली, "दाबतोस खाली नि जाते वर? केलंस तरी काय?"

दुसऱ्या दिवशी बॅटरीची मायनस वायर सोडवून ड्रायव्हरची स्विचपेटी उघडली. उघडायच्या आधी ताट मागून घेतलं ते बरं झालं, कारण झाकण निघताच आतल्या मिरीएवढ्या स्प्रिंगा टणकन उडाल्या आणि ताटात वाजल्या. आतलं मूळचं पांढरं ग्रीस चिकट तपकिरी झालं होतं. तांब्याच्या आठ पट्ट्यांपैकी सात चमकत होत्या, आणि एकीवर, बरोबर मागच्या डाव्या खिडकीच्या, काजळीचा मोहरीएवढा ठिपका. एवढ्याशा ठिपक्याने आत्याला छत्री उघडायला लावली होती.

ठिपका येतो कुठून? मोटरचा प्रवाह तोडताना कॉन्टॅक्टच्या फटीत दरवेळी बारीक ठिणगी उडते आणि धातूचा कण न् कण जळतो. त्यात टोलनाक्यावर पैसे द्यायला वर्षानुवर्षं पावसात उजवी काच उघडली. थेंब पडायचे ते या पेटीवरच. एकदा का सांध्यात ०.२ ओहमचाही रोध आला की आठ अँपियर जाताना तिथे १३ वॅट उष्णता होते, छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी. त्या उष्णतेने सांधा आणखी काळा पडतो, रोध वाढतो, आणखी तापतो. पॉलिश पेपरने घासायचा मोह आवरावा, कारण कॉन्टॅक्टवर बहुधा चांदीचा पातळ मुलामा असतो. मी शाळकरी खोडरबर वापरला, वर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला. पुन्हा मोजलं: ०.४ ओहम. वायरी सरळ केल्या, काच वर-खाली धावली.

सगळ्याच गाड्यांचा दोष इथे असतो असं नाही. मोटर घुईं करते आणि काच हलत नाही, तर काचेची मशीन, म्हणजे काच वर-खाली ओढणारी यंत्रणा, तपासावी. सायकलच्या ब्रेकसारखी तिची वायर तुटलेली किंवा काचेला धरणारा प्लास्टिकचा तुकडा फुटलेला सापडेल. काच कधी चालते, कधी नाही, आणि दार अर्धं उघडलं की चालते, अशी लहर असेल तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत बघा. दार दिवसाला दहा वेळा उघडलं तरी चौदा वर्षांत पन्नास हजार वेळा त्या वायरी वाकतात. बाहेरचं आवरण शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, असं तिथे सर्रास असतं. बटण दाबून ठेवून दारावर बुक्की मारल्यावर काच चालू होत असेल, तेव्हा मात्र बहुधा मोटरचे ब्रश झिजलेत. तिथे "मोटर गेली" हे निदान मला मान्य आहे. आणि दोन-तीनदा वर-खाली केल्यावर काच संपावर जाऊन पाच-दहा मिनिटांनी आपोआप कामावर येत असेल, तर बहुतेक मोटरमधला संरक्षक तुकडा आपलं काम करतोय. तो तापला की त्याचा रोध एकदम वाढतो, निवला की उतरतो. दोष त्याचा नसतो. मोटरला जास्त जोर का लावावा लागतोय ते शोधायचं.

काच अडकण्याचा विषय निघालाच आहे, तर २६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मुंबईत काही माणसं बंद गाड्यांमध्येच गुदमरून गेली. गाडीबाहेर दाराच्या खालच्या कडेपासून ६० सेंटिमीटर पाणी चढलं आणि आत आलेलं नसलं, तर एक मीटर रुंद दारावर जवळपास १८० किलोंचा भार बसतो. दार ढकललं जात नाही, आणि पाण्यात भिजलेल्या वायरिंगचा भरवसा नसतो. पाणी चाकाच्या वर चढताना दिसलं की सगळ्यात आधी काच खाली घ्यायची, सीट भिजली तरी चालेल.

आमची काच दुरुस्त झाली खरी, पण आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही. "ती पलीकडची लवकर येते," म्हणाली. घड्याळ लावलं: उजवी ४ सेकंद, डावी ७. हा उरलेला आजार रबराचा. काच ज्या चॅनलमधून सरकते ते रबर उन्हाने आणि धुळीने कडक झालं होतं. यात ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालू नये. दाराच्या रबराला खनिज तेल मानवत नाही, ते फुगतं आणि काचेला आणखी आवळतं. ओल्या फडक्याने चॅनल पुसून सिलिकॉनचा फवारा मारला. ५ सेकंद. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही तारेने मोकळी केली. आतून चिखल आणि सुरूची वाळकी पानं निघाली.

चार दिवसांनी परत निघालो. घाटात पुन्हा धुकं होतं. आत्याने काच खाली घेतली, वर घेतली, पुन्हा खाली घेतली. छत्री मात्र मांडीवरच ठेवली होती.